तक्त्यावरची शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानात आलेला माणूस नापास व्हायला घाबरतो. हे मला डिप्लोमाच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. मारेगावात दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. समोर भिंतीवर तक्ता असतो. वरचं अक्षर ताटाएवढं, खाली येता येता अक्षरं बारीक होत जातात. फक्त दिसतं की नाही एवढं सांगायचं असतं. पण खुर्चीवर बसलं की माणसाला शाळा आठवते. मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो, झाकलेल्या डोळ्यावरच्या बोटांत हळूच फट पाडतो. एक निवृत्त मुख्याध्यापक तर बाकावर बसल्या बसल्या, जुना चष्मा लावून, अख्खा तक्ता पाठ करून खुर्चीवर आले. मी तक्ता फिरवून मागची बाजू लावली तर रागावून म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नव्हतं."

एका नवरदेवाला नंबर नव्हता, तरी चष्मा पाहिजे होता. "पोरीचा बाप मास्तर हाय भाऊ. जरा शिकल्यावानी दिसलं पाहिजे." मी साध्या काचा बसवून दिल्या. लग्न जमलं. आता त्याला दोन लेकरं आहेत आणि दर दोन वर्षांनी तो साध्या काचांचा नवा चष्मा घेऊन जातो. काढायची सोय राहिली नाही, बायको विचारेल ना.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून असेच किस्से हवे होते. माझ्याकडे ते पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की पेन एकाच मुलीपाशी जाऊन थांबतं. तेव्हा तिचंच लिहितो. तिची परवानगी घेतली आहे. नाव मात्र बदललं आहे, तिला इथे प्रणाली म्हणू.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. मी नंबर काढतो. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावतो, मग जड लोखंडी फ्रेम नाकावर ठेवून एकेक काच घालतो-काढतो आणि विचारतो, "आता बरं, की आधीचं बरं?" डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश नीट पाडून देणं एवढंच माझं काम. तो पडदा कसा आहे, त्याच्या मागची नस कशी आहे, हे बघायला बाहुली मोठी करणारे थेंब टाकून आत डोकवावं लागतं. ते डॉक्टरचं काम. पण गावखेड्यातले लोक मला "डाक्टर" म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग कंटाळलो. मग, खरं सांगायचं तर, ते मला आवडायला लागलं.

मोबाईल घरोघरी आले तसं माझं गिऱ्हाईक बदललं. पूर्वी चाळिशी लागलेली माणसं यायची, तांदळातले खडे दिसत नाहीत म्हणून बाया यायच्या. आता वीस-बावीस वर्षांची पोरं यायला लागली. "भाऊ, डोकं दुखून राह्यलं." तेवढ्यात एका कंपनीचा माणूस मला एक निळी बॅटरी आणि एक कार्ड देऊन गेला. बॅटरीचा उजेड कार्डावर पाडला की निळा ठिपका उमटायचा. मध्ये त्यांची काच धरली की ठिपका गायब. समोरच्याचे डोळे विस्फारायचे. मी म्हणायचो, "हाच उजेड मोबाईलमधून डोक्यात जातो." निळा उजेड काचेने अडतो, हे खरं. त्याने डोकेदुखी थांबते, हे मी माझ्या पदरचं जोडायचो. दुकानावर पाटी लावली: 'मोबाईलच्या डोकेदुखीवर खास चष्मा.' पिवळ्यावर लाल अक्षरं. ती एसटीतूनही दिसायची.

आता कोणी म्हणेल, सगळं थोतांडच होतं. तसंही नाही. पोरं पापणी न मिटता तास तास स्क्रीनकडे बघतात, मान खाली वाकलेली, झोप अर्धवट, सकाळचं खाणं चुकलेलं. अशाने डोकं दुखतंच. मी दोन समजुतीच्या गोष्टी सांगायचो, पोरगं आठ दिवस ऐकायचं, बरं वाटायचं. माझं उत्तर बहुतेक वेळा बरोबरच यायचं. घात झाला तो इथेच. उत्तर इतक्यांदा बरोबर आलं की मी प्रश्न विचारणं सोडून दिलं.

प्रणाली पहिल्यांदा आली ती पेरणीच्या आधी, बाजाराच्या दिवशी, वडिलांबरोबर. वडिलांना सुधाकरभाऊ म्हणू. मारेगावजवळच्या खेड्यात त्यांची कापसाची आणि तुरीची शेती. खाऊन-पिऊन सुखी घर, दोन मुली, प्रणाली थोरली. बी.ए. झालेली, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. क्लास यवतमाळला, रोज जाणं-येणं शक्य नाही, म्हणून वडिलांनीच हौसेने चांगला मोबाईल घेऊन दिला होता. वर्षभर घरी बसून अभ्यास केल्याने अंगाने भरली होती. बोलायला तिखट.

"काय होते, बाई?" मी विचारलं.

"डोकं दुखते काका. कपाळ, अन् मागून मान. सकाळी उठल्याबरोबर जास्तच."

"मोबाईल किती वेळ?"

"सगळं त्याच्यावरच हाय ना. क्लास, नोट्स, सरावाचे पेपर."

"जेवतानी बी मोबाईल, भाऊ," सुधाकरभाऊ म्हणाले. "आंघोळीलेच तेवढा नेत नाही."

"नेला असता," ती म्हणाली, "पण तो पाण्याचा नाही."

आम्ही तिघंही हसलो. तिने तक्ता वाचला. शेवटची, मुंगीसारख्या अक्षरांची ओळसुद्धा न अडखळता वाचली. यंत्राने एका डोळ्यात उणे पाव दाखवलं. उणे पाव म्हणजे चष्मा दिला काय, न दिला काय. मी बॅटरी आणि कार्ड काढलं, निळा ठिपका गायब करून दाखवला आणि खास चष्मा दिला. 'सकाळी उठल्याबरोबर जास्त' हे शब्द माझ्या कानावर पडले होते. मोबाईलची डोकेदुखी दिवसभर स्क्रीन बघून संध्याकाळी चढायला पाहिजे. रात्रभर डोळे मिटून झोपलेल्या पोरीचं डोकं सकाळी सगळ्यात जास्त का दुखावं? एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा सोयाबीनमधलं तण काढायची डवरणी चालू होती. शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि दुकानात पोरांची आणि आयांची गर्दी होती.

"चष्म्यानं फरक नाही काका. आता अजून एक होते. झाडू माराले वाकली की डोळ्यापुढं काळं होते. दोन-तीन सेकंद. मंग पुन्हा लाईन आल्यावानी दिसते."

"कमजोरी असेल. जेवण बरोबर आहे?"

"जेवणाले काय झालं," सुधाकरभाऊ म्हणाले. "पोट्टी दोघाचं जेवते."

"अन् कानात आवाज येते काका," ती थांबली नाही. "सूं, सूं. ठोक्यासंगं. रात्री उशीवर कान ठेवला का लय येते."

"इअरफोन," मी म्हणालो. एका पोराच्या फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता म्हणालो, तिच्याकडे न बघता. मग सुधाकरभाऊंकडे वळून मी जे बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "औषध माझ्याजवळ नाही भाऊ, तुमच्याजवळ आहे. मोबाईल काढून घ्या. एक महिना हातात देऊ नका. बघा मग."

"काका, माही परीक्षा हाय," ती म्हणाली.

"डोळे राहिले तर परीक्षा, बाई."

गर्दीतल्या आयांनी माना डोलावल्या. एकीने तर आपल्या पोराच्या टाळक्यात तिथल्या तिथे टपली मारली, "ऐकलं का, डाक्टर काय म्हणून राह्यले?" मला बरं वाटलं. प्रणालीने चष्मा काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा लावला. 

महिना-दीड महिन्याने ते दोघं मला बाजारात भेटले. सुधाकरभाऊंनी लांबूनच हात केला. "मानलं भाऊ तुमाले! मोबाईल पेटीत टाकला, कुलूप लावलं. तवापासून पोट्टी डोक्याचं नावच काढत नाही."

"खरंच गं?" मी विचारलं.

"हो काका. नाही दुखत." हे बोलताना ती माझ्याकडे नाही, वडिलांकडे बघत होती.

त्या पावसाळ्यात हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल! मारेगावात सांगितला, आठवड्यातून एकदा झरी जामणीला नंबर काढायला बसतो तिथे सांगितला. एक पोरगी होती, असं होतं, मोबाईल बंद केला, डोकं खणखणीत. लोक ऐकायचे आणि घरी जाऊन आपापल्या पोरांचे मोबाईल काढून घ्यायचे.

बाजारातली भेट धरली तर चौथ्यांदा ती आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. सुधाकरभाऊ घाईत आणि रागात होते. वावरात बाया लावलेल्या होत्या, कापूस फुटून आला होता, आणि पोरीने चष्म्यावर पाय दिला होता.

"खाटीखाली ठेवला अन् त्याच्यावरच पाय देल्ला. परवा पाण्याचा गुंड पाडला. कालचं तर विचारूच नका, म्हशीच्या खुट्यात अडखळून पडली. ध्यान कुठं राह्यते हिचं, कोन जाने!"

प्रणाली खाली बघत होती. तिची ती तिखट जीभ कुठे गेली, असं क्षणभर मनात येऊन गेलं. मी नेहमीसारखं खुर्चीवर बसवलं, तक्ता वाचायला लावला. तिने वरून खालपर्यंत सगळा वाचला. शेवटची ओळसुद्धा, जरा थांबत थांबत, पण एकही अक्षर न चुकता.

"नजर तर एक नंबर आहे," मी म्हणालो आणि नवी फ्रेम तिच्यासमोर धरली. मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो, हात जरा खाली होता. तिने फ्रेम घेतली नाही. मला वाटलं, रुसली आहे. मी हात तसाच ठेवला. ती समोर बघत राहिली आणि म्हणाली, "काका, फ्रेम दाखवता ना?"

फ्रेम तिच्यापासून वीतभर लांब होती.

मी फ्रेम काउंटरवर ठेवली. तक्ता माणसाला फक्त मधलं विचारतो. समोरच्या एका बिंदूवर किती बारीक दिसतं, एवढंच. कडेचं, खालचं, बाजूचं दिसतं का, हे तक्ता विचारत नाही, आणि मीही वीस वर्षांत क्वचितच विचारलं होतं. खरं तर त्याला यंत्रही लागत नाही. गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचं, एक डोळा झाकायला लावायचा, माझ्या नाकाकडे बघ म्हणायचं आणि बाजूने बोट हलवत आणायचं. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं.

मी तिच्यासमोर बसलो. उजव्या डोळ्याला नाकाकडून, खालून बोट दिसत नव्हतं. डाव्या डोळ्याला ते जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत दिसलं नाही. मी पुन्हा केलं. तेच. 

"प्रणाली, डोकं दुखते का गं अजून?"

तिने मान वळवून वडिलांकडे बघितलं. "नाही."

"सुधाकरभाऊ," मी म्हणालो, "जरा तीन चहा सांगून येता का?"

ते कुरकुरत बाहेर गेले. दार लागलं तशी ती भडाभडा बोलायला लागली. "रोज दुखते काका. उलट्या होते. वाकलं का काळं होते, आता लवकर लाईनही येत नाही. पण सांगू कोणाले? एकदा म्हटलं दुखते, तर बाबा म्हणे तुह्यापाशी दुसरा मोबाईल हाय. गाद्या झटकल्या, माह्यी पेटी उपसली, मैत्रिणीच्या घरी जाऊन विचारून आले. मले म्हणे, खोटारडी. मोबाईल बंद हाय तर डोकं दुखीनच कसं, डाक्टर सांगून राह्यले ना! मंग मी सांगनंच सोडलं."

मी तिचा मोबाईल बंद केला नव्हता. मी तिचं तोंड बंद केलं होतं. पाच महिने.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमना मी अधूनमधून पेशंट पाठवायचो. त्यांना फोन लावला. सकाळचं दुखणं, वाकल्यावरचा अंधार, कानातला आवाज, बाजूची गेलेली नजर, एका दमात सगळं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "आत्ता निघा. उद्या नाही. आत्ता."

सुधाकरभाऊ चहा घेऊन आले. "आज कसं जमते भाऊ? वावरात बाया हायेत. कापूस मोजून कोण घेईन? परवा नेतो ना. इतके महिने थांबलं, दोन दिसानं काय होते?"

इथे मला खरं बोलायची संधी होती. माझं चुकलं, मोबाईलचा संबंध नव्हता, पोरगी पहिल्यापासून खरं सांगत होती, आता एकेक तास मोलाचा आहे. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "भाऊ, मोबाईलनं डोळ्याची नस दाबली गेली आहे. आज नाही नेलं तर नजर जाईल."

मोबाईलचं नाव ऐकल्याबरोबर ते उठले. त्यांना ते लगेच पटलं. पटणारच होतं, मीच पेरलेलं होतं. मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं की घाईची वेळ होती, समजावत बसलो असतो तर उशीर झाला असता. त्यात थोडं खरंही आहे. पण त्या खोट्यात माझी सोयही होती, आणि हे बोलतानाच मला ते माहीत होतं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याची गाडी मागितली, दुकानाचं शटर ओढलं आणि मीच चालवायला बसलो. सुधाकरभाऊ माझ्या बाजूला, प्रणाली मागे. वाटेत करंजी गावाच्या अलीकडे ती म्हणाली, थांबवा. उतरून रस्त्याच्या कडेला ओकली. मी पाण्याची बाटली पुढे केली. या वेळी तिच्या अगदी डोळ्यांसमोर.

गाडी पुन्हा निघाली. सुधाकरभाऊ काचेबाहेर बघत पुटपुटत होते, "मोबाईलनं घात केला. मीच घेऊन देल्ला. मीच." आरशात मला प्रणालीचा चेहरा दिसत होता.

"काका, आंधळी होईन का मी?" तिने विचारलं.

"नाही होणार."

"मोबाईलनंच झालं का?"

मी गिअर बदलला. "आधी मॅडमला दाखवू, बाई."

 यवतमाळपर्यंत कापसाच्या एकेका ट्रॅक्टरमागे अडकलो की मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो.

मॅडमनी थेंब टाकले, अर्ध्या तासाने आत बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजल्या होत्या. डोक्यात मेंदूभोवती जे पाणी असतं त्याचा दाब वाढला होता आणि तो मागून नसांना दाबत होता. लगेच डोक्याचा फोटो निघाला. गाठ नव्हती. मग पाठीच्या मणक्यातून सुई घालून पाणी काढलं, दाब मोजला. मॅडमनी सांगितलं, तरुण मुलींमध्ये, विशेषतः वजन वाढलेलं असलं तर, हा आजार होतो. वेळेत गोळ्या सुरू केल्या, वजन उतरवलं तर पुष्कळ वेळा नजर पूर्ण वाचते. वेळेत.

त्यांनी मला बाहेर बोलावलं. "तुमच्याकडे किती वेळा आली होती?"

"चार वेळा. बाजारात भेटली ते धरून."

"वाकल्यावर अंधार येतो, हे तुम्हाला कधी सांगितलं?"

"डवरणीच्या वेळी."

 त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. केसपेपरवर त्यांनी लिहिलं, चष्मा लावून पाहिला, फरक नाही. चष्मा कोणी दिला, ते त्यात नव्हतं.

उजव्या डोळ्याची नजर बरीचशी राहिली. डावा डोळा नळीतून बघितल्यासारखा झाला, तो तसाच राहणार. डोकेदुखी गेली. तलाठ्याची परीक्षा तिने त्या वर्षी दिलीच नाही.

आणि मी गावात मोठा झालो. सुधाकरभाऊ घरच्या तुरीची डाळ घेऊन दुकानात आले, सगळ्यांसमोर माझे हात धरले. "भाऊनं पाह्यलं म्हणून पोरीचे डोळे वाचले." मी डाळ ठेवून घेतली. सव्वीस जानेवारीला त्यांच्या गावच्या शाळेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दोन शब्द बोलायला सांगितले, तर मी मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोललो. चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. प्रणाली पहिल्या रांगेत बसली होती. चेहरा जरा डावीकडे वळवून बसली होती, तशी ती आता नेहमीच बसते. अख्खं भाषण तिने माझ्यावरून नजर काढली नाही. मी मात्र मागच्या रांगांकडे बघून बोललो.

उन्हाळ्यात ती दुकानात आली. सुधाकरभाऊ समोरच्या कृषी केंद्रात बियाण्याची चौकशी करत होते, ती एकटीच आत आली. तब्येत बरीच उतरली होती. मी उठून उभा राहिलो.

"बसा ना काका," ती म्हणाली. "मले काही पाहिजे नाही. एक काम होतं."

"सांग की."

"बाबाले सांगा."

काय सांगायचं, हे मी विचारलं नाही. "मॅडमनी सांगितलं ना त्यांना?"

"चार वेळा सांगतलं. बाबा म्हणते, त्या मोठ्या डाक्टर, इंग्रजीत बोलते. भाऊनं सोपं सांगतलं, भाऊचंच खरं. माहा मोबाईल अजून पेटीत हाय. लहानीले तर घेऊच देत नाही." ती जरा थांबली. "काका, तुमच्या भाषणानंतर आमच्या गावात तीन पोरींचे मोबाईल काढून घेतले. त्यातल्या एकीचं डोकं दुखते. मले हळूच सांगते, घरी नाही सांगत. माह्यावानीच."

"कोण ती? तिला आजच्या आज..."

"तिले मी मॅडमपाशी नेऊन आणलं. तिले काही नाही, झोपेचं हाय." मग म्हणाली, "पण पुढचीचं काय? मी किती जणीले नेऊ?"

मी सहा महिने स्वतःला सांगत आलो होतो की पोरीची नजर थोडी तरी वाचवली, आता जखम उकरून कोणाचं भलं होणार? ती पोरगी समोर उभी राहून उत्तर देत होती.

"तुला माझा राग नाही आला?" मी विचारलं. विचारायला नको होतं. माणूस माफीसाठी किती लाचार होतो!

"येते ना," ती म्हणाली. "बाबाले बोलावू?"

सुधाकरभाऊ हसत आत आले. बियाण्याच्या भावाला शिव्या घालत घालत तपासणीच्या खुर्चीवरच बसले, दुसरी जागा नव्हती. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो. गुडघ्याला गुडघा.

"भाऊ, तुम्हाला एक सांगायचं आहे. प्रणालीला जे झालं ते मोबाईलमुळे झालं नव्हतं."

"असं कसं? तुमीच तं..."

"मीच म्हणालो. मी चुकलो. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने मला सगळं बरोबर सांगितलं होतं. वाकल्यावर अंधार येतो, कानात आवाज येतो. तिथेच तिला यवतमाळला पाठवायला पाहिजे होतं. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. आणि ज्या दिवशी घेऊन गेलो, त्या दिवशी मोबाईलनं नस दाबली म्हणालो, तेही खोटं होतं. तुम्ही लवकर उठावं म्हणून बोललो. आणि माझी चूक झाकावी म्हणून."

रस्त्यावरून एक एसटी गेली. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या. सुधाकरभाऊंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी नीट केली. मला वाटलं, आता उठतील, ओरडतील, कानाखाली मारतील. मी तयार होतो. खरं तर वाट बघत होतो.

"म्हणजे," ते म्हणाले, "मोबाईल पेटीत होता, तवा बी डोकं दुखत होतं तिचं."

"हो. रोज."

"मी गाद्या झटकल्या तवा बी."

"हो."

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि ती समोरच्या तक्त्याकडे.

"मंग माही पोट्टी खोटं नोती बोलत," ते म्हणाले.

मला त्यांनी एका शब्दानेही काही म्हटलं नाही. त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत, आणि भेटलो तर रामराम घेतात, थांबत नाहीत. पिवळी पाटी मी त्याच दिवशी संध्याकाळी काढली. आता दुकानात कोणीही आलं, म्हाताऱ्यापासून नवरदेवापर्यंत, की तक्त्याआधी मी समोर बसून बोट हलवतो. लोक हसतात. "भाऊ, नंबर काढून राह्यले का नजर उतरवून राह्यले?" हसू देतो. डोकं दुखतं म्हणणाऱ्याला आता मी मोबाईलचं सगळ्यात शेवटी विचारतो. आधी विचारतो, सकाळी दुखतं की संध्याकाळी, वाकल्यावर काय होतं, कानात काही ऐकू येतं का, आणि घरी हे कोणाला सांगितलं आहे का. शंका आली तर चष्मा देत नाही, चिठ्ठी देतो.

त्या दिवशी सुधाकरभाऊ उठले, टोपी घातली. नेहमी ते पुढे चालायचे आणि ती मागे. चष्मा मोडून आली त्या दिवशी माझ्या दाराच्या डाव्या चौकटीला तिचा खांदा लागला होता. मी ते बघितलं होतं, आणि कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी ते दारापाशी थांबले. ती जवळ येईपर्यंत थांबले. मग बाजूला सरकून तिच्या डाव्या अंगाला गेले, आणि दोघं बरोबरच पायरी उतरले.